पूजेचा जाळ

अंगदचा जन्म कारखान्याच्या फाटकाबाहेर झाला, म्हणजे अगदी खरोखर फाटकाबाहेर. आईबाप ऊसतोडीला पश्चिमेकडं गेलेले, पाचटाची कोपी रस्त्याच्या कडेला, आणि तुळजाबाईला कळा सुरू झाल्या तेव्हा कारखान्याचा भोंगा वाजत होता. ही गोष्ट ती माऊली पुढं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आणि सांगताना भोंग्याचा आवाजही काढून दाखवायची. धाकटा जीवन मात्र नांदूरघाटला, स्वतःच्या घरात, छपराखाली जन्मला. दोघा भावांतला हा फरक पुढंही राहिला. थोरल्यानं सगळं धडपडून मिळवलं आणि धाकट्याला थोरल्यानं मिळवून दिलं.

अंगदला लहानपणापासून एकच वेड. फाटकाच्या आत काय चालतं ते बघायचं. बाहेरून चिमणी दिसायची, धूर दिसायचा, मळीचा वास यायचा. आत जायला मिळायचं नाही. मग पोरगं आयटीआय झालं, इन्स्ट्रुमेंटचं काम शिकलं, आणि आपल्याच भागातल्या माळावर नवा कारखाना उभा राहिला तेव्हा छाती काढून त्याच्या फाटकातून आत गेलं. पहिल्या पगाराला त्यानं तुळजाबाईला आत नेऊन ऊस गिळणारी गव्हाण दाखवली. जन्मभर जिच्यासाठी मोळ्या बांधल्या ती गव्हाण तिनं त्या दिवशी पहिल्यांदा आतल्या बाजूनं बघितली. "लई मोठं त्वांड हाय की रं हिचं," एवढंच म्हणाली.

इन्स्ट्रुमेंट खात्याचा प्रमुख होता शिवशंकर. चकलांब्याचा माणूस, उंच, कपाळाला गंध, आणि पॅनलची चावी करगोट्याला बांधलेली. बायका मंगळसूत्र जपतात तशी हा ती चावी जपायचा. त्यानं अंगदला हाताखाली घेतलं आणि हातचं काही राखून न ठेवता शिकवलं. काटा का अडकतो, तार कुठं तुटते, कुठला झडप-मोटरीचा आवाज खरा आणि कुठला नाटकी, सगळं. अंगद त्याला अण्णा म्हणायचा, आणि ते नुसतं तोंडदेखलं नव्हतं. बाप गेला तेव्हा तिरडीचा पुढचा दांडा शिवशंकरनं खांद्यावर घेतला होता. अशा माणसाबद्दल मनात शंका आणणं म्हणजे स्वतःच्याच ताटात माती कालवणं. अंगदनं ती कधी आणली नाही.

आता त्या पॅनलबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यातच घडलं. बॉयलर म्हणजे खाली जाळ आणि वर ड्रममध्ये पाणी. जाळ चालू राहिला आणि पाणी संपलं तर नळ्या लाल होतात, फुटतात, आणि खाली जे कोणी उभं असेल त्याचं पुढं काय होतं ते सांगायला तो उरत नाही. म्हणून एक वेगळा सेफ्टी पॅनल असतो. त्याला कारखान्याच्या दुसऱ्या कुठल्याच कामाशी देणंघेणं नाही. साखर किती झाली, चेअरमन कुठं गेले, त्याला काही नको. पाणी ठरल्या खुणेच्या खाली गेलं की बगॅसचा, म्हणजे जाळाला लागणाऱ्या उसाच्या चिपाडाचा, पुरवठा तोडायचा आणि जाळ बंद करायचा, बस्स. कामगार त्याला ट्रिप म्हणतात.

त्या पॅनलमध्ये प्रोसेसर दोन. एक कारभार बघतो आणि दुसरा त्याच्या मांडीला मांडी लावून बसतो, पहिला करील ते सगळं क्षणाक्षणाला शिकत असतो. पहिल्यानं मान टाकली की दुसरा त्याच दमात गाडा ओढायला लागतो. बॉयलरला पत्ताही लागत नाही. शिवशंकर नव्या पोरांना पॅनल दाखवताना पहिल्या प्रोसेसरवर बोट ठेवून म्हणायचा, "हा म्या." मग दुसऱ्यावर ठेवायचा, "अन् हा अंगद्या." अंगद लाजायचा, पण आतून गुदगुल्या व्हायच्या.

तिसऱ्या वर्षाची गोष्ट. कारखाना वाढवून बॉयलर नवा बसवलेला, हंगाम सुरू व्हायचा होता. आपल्याकडं कारखान्याचा बॉयलर काडी ओढून पेटवत नाहीत. त्याचं अग्निप्रदीपन असतं. मंडप पडतो, भटजी येतात, आणि एक जोडपं पूजेला बसतं. ते जोडपं बहुतेक संचालक मंडळातलं, नाहीतर एखादा बडा बागायतदार. त्या वर्षी शिवशंकरनं चेअरमनच्या कानी घातलं की औंदा कामगाराचं जोडपं बसवू, लोकांत नाव होईल. चेअरमनना नाव होण्याचं वावडं कधीच नव्हतं. अंगद आणि त्याची बायको मोहिनी पूजेला बसले. मोहिनीनं लग्नातला शालू काढला, अंगदच्या डोक्यावर फेटा चढला, आणि फाटकाबाहेर बाळंत झालेली तुळजाबाई पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसून पदरानं डोळे पुसत राहिली.

या पूजेला एक मेख असते. जोडप्यानं पेटवलेला जाळ पहिल्या साखर पोत्यांचं पूजन होईपर्यंत विझता कामा नये. विझला तर लोक बॉयलरला नाव ठेवत नाहीत, जोडप्याला ठेवतात. कोणाची नियत वाईट, कोणाचा पायगुण. शेजारच्या तालुक्यात एका कारखान्यात असं झालं, तर त्या बाईला पुढं संक्रांतीच्या वाणालासुद्धा कुणी बोलवेना. म्हणजे बिघडायचं पंपानं आणि भोगायचं बाईनं, असा आपला न्याय. मोहिनीनं त्या दिवसांत देवापुढचा दिवाही विझू दिला नाही.

जाळ विझला नाही. साखर पोत्यांचं पूजन झालं, आणि नंतरही बॉयलर असा चालला, असा चालला की हंगामाच्या शेवटी चेअरमननी शिवशंकरचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. न थांबता चाललेला बॉयलर म्हणून आजूबाजूचे कारखाने बघायला आले. गावात लोक अंगदला म्हणायचे, "तुमचा हात लागला अन् बॉयलरनं दम खाल्ला न्हाई." त्याच हंगामात शिवशंकरच्या शब्दावर जीवनला बॉयलरवर फायरमन म्हणून घेतलं. जीवनचं लग्न झालं, घरात पाळणा हलला. अंगदला वाटायचं, आपल्या डोक्यावर अण्णांचा हात आहे, आता काय पाहिजे? दरवर्षी हंगामाआधी ट्रिपच्या चाचण्या असायच्या. शिवशंकर म्हणायचा, "ते म्या बघतो, तू वरचं बघ." अंगद वरचं बघायचा.

हे सगळं चांगलं चाललं होतं ते औंदाच्या हंगामापर्यंत.

ऐन गाळपात एके सकाळी दोन प्रोसेसरपैकी एकाचा दिवा लाल झाला. कारभार दुसऱ्यानं घेतला, बॉयलरला कळलंही नाही. पण आता पॅनल एका पायावर उभा होता. तोही पाय गेला तर जाळ बंद. कंपनीकडून नव्या प्रोसेसरचं कार्ड आलं तेव्हा शिवशंकर मोतीबिंदूच्या ऑपरेशनला बीडला गेला होता. जाताना त्यानं चावी अंगदच्या हातात दिली आणि म्हणाला, "कार्ड आलं तरी म्या येईस्तवर थांब."

अंगद थांबला नाही. यात त्याचा काही डाव नव्हता. असलाच तर लाडाचा होता. अण्णा डोळ्याला पट्टी बांधून येतील, आल्याबरोबर त्यांना पॅनलपुढं कशाला उभं करायचं? आल्यावर म्हणता येईल, झालंय काम, तुमी आराम करा. ज्यानं शिकवलं त्याला शिकलेलं करून दाखवायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

काम नाजूक होतं. दोन्ही प्रोसेसर एकाच वळणाचे, शेजारीशेजारी, आणि चुकून चांगला बाहेर ओढला तर सगळा कारखाना ठप्प. अंगदनं अंगातली वीज कार्डाला लागू नये म्हणून मनगटाला जमिनीला जोडलेली पट्टी बांधली, मेलेल्या कार्डावर चिकटपट्टीचा तुकडा लावला, लाल दिवा पुन्हा पुन्हा बघितला, आणि गाळप चालू असतानाच ते कार्ड अलगद ओढून काढलं. खाली गव्हाण खडखडत राहिली. नवं कार्ड खोबणीत सरकवलं, पुढची कळ दाबून बसवलं. त्याचा दिवा लुकलुकायला लागला. ते जुन्याकडून शिकत होतं. अंगद श्वास धरून उभा राहिला. मग दिवा स्थिर हिरवा झाला, आणि या गृहस्थानं पॅनलला चक्क नमस्कार केला. कंट्रोल रूममधले लोक हसले. तोही हसला, आणि सगळ्यांना चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी गव्हाण उसाअभावी थांबली. टोळ्या एका लग्नाला गेल्या होत्या, गाड्या आल्या नव्हत्या. जाळ नुसता धुगधुगता ठेवलेला. अंगदला वाटलं, आयती संधी आहे. कार्ड बदललं की ट्रिपची चाचणी घ्यायची असते, घेऊन टाकू. त्यानं कारभार नव्या कार्डाकडं दिला, वर गेला, पाण्याची पातळी मोजणाऱ्या यंत्राची वाट बंद करून त्यातलं पाणी सोडलं. म्हणजे ड्रममध्ये पाणी होतं तसंच होतं, फक्त पॅनलला वाटायला हवं होतं की ते संपलं. कंट्रोल रूमच्या पडद्यावर काटा झरझर खाली आला. खुणेच्या खाली गेला. तळाला टेकला. गजर वाजला.

आणि बगॅसचा पुरवठा चालूच राहिला.

अंगदनं पडदा पुन्हा बघितला. पहिला विचार आला तो स्वतःचाच: आपण कार्ड चुकीचं बसवलं. त्यानं घाईघाईनं कारभार जुन्या प्रोसेसरकडं दिला, तो तर वर्षानुवर्षांचा खात्रीचा, आणि पुन्हा चाचणी घेतली. काटा तळाला, गजर, आणि पुरवठा चालूच. दोघांचाही एकच सूर. नव्यानं जुन्याकडून सगळं इमानानं शिकून घेतलं होतं, आणि जुनाच खोटा होता.

मग त्यानं लॅपटॉप जोडला आणि आतला प्रोग्राम उघडला. पाण्याच्या ट्रिपची ओळ सापडायला वेळ लागला नाही. कोणीतरी ती आडवी बांधून ठेवली होती. पाणी असो वा नसो, या ओळीचं उत्तर कायम एकच: पाणी आहे. असं करायला पॅनलची चावी लागते, आणि ती चावी इतकी वर्षं एकाच करगोट्याला होती.

अंगद खुर्चीत बसून राहिला. त्याला राग आला नाही. राग यायलासुद्धा माणसाला आधी विश्वास बसावा लागतो. त्याला एवढंच आठवत होतं की खाली, त्या ड्रमच्या बरोबर खाली, आपला जीवन उभा असतो.

शिवशंकर दोन दिवसांनी कॉलनीतल्या घरी आला. डोळ्यावर काळा चष्मा, समोर शहाळं. अंगद आत गेला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "अण्णा, पाण्याची ट्रिप कावून बांधली?"

शिवशंकरनं शहाळं खाली ठेवलं. नाकबूल केलं नाही, एवढं मात्र त्याच्या पदरात घातलं पाहिजे. "तुला थांब म्हनलतो ना बे," म्हणाला. मग, "तुझ्यासाठीच बांधली."

"माझ्यासाठी?"

"तुझ्याच पूजेचा जाळ व्हता तो. नवा बॉयलर, ड्रमात पाणी फेसाळत व्हतं, काटा खोटाच खाली खाली यायचा. आता विझतो का मग विझतो. तू अन् मोहिनी तिकडं पंगतीत वाढीत व्हता. विझला असता तर तिला कुनी जगू दिलं असतं का? म्या चावी लावली अन् बांधून टाकली. तात्पुरती."

"पोत्यांची पूजा झाल्यावर सोडायची व्हती."

"सोडनार व्हतो." शिवशंकरनं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "मंग समदे म्हनू लागले बॉयलर थांबतच न्हाई. चेअरमननं शाल घातली. आता सोडली अन् रोज बंद पडाया लागला, तर काय सांगावं? कालवर चालत व्हता, आज काय झालं?"

अंगदला ती शाल आठवली. तो स्वतः टाळ्या वाजवत पुढं उभा होता. "अण्णा, खाली जीवन असतो," तो म्हणाला.

त्यावर शिवशंकर जे बोलला ते त्यानं बोलायला नको होतं. "जीवनला ठाऊक हाय. पहिल्या सालापासून ठाऊक हाय. इचार त्याला."

अंगदनं विचारलं. घरामागं जीवन म्हशीपुढं वैरण टाकत होता. टाकता टाकता थांबला. आधी म्हणाला, कसली ट्रिप? मग म्हणाला, "अण्णा म्हनले दादाला सांगू नको, त्याच्या पूजेचं हाय, त्याला लागंल. नोकरी त्यांनीच लावलेली. काय करू म्या?"

"तुला भेव न्हाई वाटलं?"

"वाटतं की. आमी काचेकडं बघतो ना." ड्रमला एक जाड काचेची नळी असते, तिच्यात आतलं पाणी डोळ्यांना दिसतं. फायरमननं तिच्यावर नजर ठेवायची असते. "आमी बघतो, दादा. समदे बघतात."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. खालच्या फायरमनना, बगॅस ओढणाऱ्यांना, सगळ्यांना. ज्याच्या नावानं हे केलं, त्या एकट्याला सोडून. माणसाला बुडवायला बाहेरचा कोणी मोठा वैरी लागतो असं नाही. घरातल्यांनी मिळून गप्प बसलं की माणूस पुरता बुडतो. रात्री जेवताना त्यानं मोहिनीला सांगितलं. तिनं हातातली भाकरी परातीत ठेवली. "म्हंजी आपुन तवा खोट्या जाळाला हात जोडले व्हय?" ती म्हणाली. तिच्या आवाजात रडू नव्हतं, नुसता चटका होता. नवऱ्याच्या मानासाठी तिनं देवापुढं किती वाती जाळल्या होत्या ते तिचं तिलाच ठाऊक.

अंगदनं ट्रिप सोडवली. आधी शिवशंकरला सांगून सोडवली, चोरून नाही. शिवशंकर म्हणाला, "सोड. पर बंद पडला तर माझ्या दारात येऊ नको." अंगदनं कारखान्यातला मूळ, तपासलेला प्रोग्राम जुन्या प्रोसेसरला दिला, जुन्याकडून तो नवा प्रोसेसर शिकला, आणि पुढच्या थांब्यात चाचणी घेतली तेव्हा काटा खाली येताच बगॅसचा पुरवठा खटकन थांबला. त्या दिवशी त्याला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

आठवडाही लोटला नसेल. भर दुपार, पूर्ण गाळप, उसाच्या गाड्यांची रांग डांबरी रस्त्यापर्यंत गेलेली. बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या पंपानं हवा ओढली. ड्रममधलं पाणी उतरायला लागलं. काचेपुढं जीवनची पाळी होती आणि जीवन काचेपुढं नव्हता. कोपऱ्यात तंबाखू मळत कोणाशी तरी बोलत होता. पाणी खुणेखाली गेलं आणि सेफ्टी पॅनलनं, चाचणी सोडली तर आयुष्यात पहिल्यांदा, जे करायचं ते केलं. जाळ बंद झाला. वाफ उतरली, गव्हाण थांबली, टर्बाइनचा आवाज खाली खाली येत गेला, आणि एवढ्या मोठ्या कारखान्यात अचानक माणसांचे आवाज ऐकू यायला लागले.

अंगद जिन्यावरून धावत खाली आला. काच रिकामी होती. तिच्यात थेंब नव्हता. जीवन तिच्यापुढं उभा होता, तंबाखू तळहातावर तशीच. त्यानं अंगदचा दंड धरला. "दादा," म्हणाला, "वाचलो रे दादा. वाचलो." अंगदनं त्याला छातीशी धरलं. भाऊ मोठे झाल्यावर असं कुठं धरतात? पण धरलं.

तासाभरात चेअरमन आले. मॅनेजरच्या केबिनमध्ये सगळ्यांना बोलावलं. चेअरमनना कारण नको होतं, नाव पाहिजे होतं. इतकी वर्षं न थांबलेला बॉयलर भर हंगामात कोणामुळं थांबला? शिवशंकर काळा चष्मा घालून बसला होता. तो सावकाश म्हणाला, "साहेब, म्या दवाखान्यात असताना नवं कार्ड बसवलं. म्या थांब म्हनलतो. नव्या कार्डाचा भरोसा नसतो, उगं बी ट्रिप देतं."

अंगदला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग कळलं, ऐकलं ते बरोबर आहे. तो म्हणाला, "साहेब, पाणी खरंच गेलं व्हतं." पडद्यावरची पातळीची रेघ दाखवतो म्हणाला. पण ती रेघ दाखवणारी यंत्रणाच बिघडली असा आरोप, तर तिची साक्ष कोण घेणार? त्यानं बांधलेल्या ट्रिपची गोष्ट काढली. मॅनेजरनं चेअरमनकडं बघितलं, चेअरमननी खिडकीकडं. त्या बघण्यातच अंगदला कळलं की हे गुपित फक्त खालच्या मजल्यावरचं नव्हतं.

"काचेपुढं कोण होतं?" चेअरमननी विचारलं.

जीवन पुढं झाला. अंगद निर्धास्त झाला. आता दुसरं कोणी नको होतं. काच रिकामी होती हे बघणारी माणसं दोन, आणि त्यातला दुसरा आपल्याच आईच्या पोटचा. दंडावर त्याच्या बोटांचे वळ अजून होते.

"पाणी किती होतं रे?"

जीवननं शिवशंकरकडं बघितलं. अंगदकडं बघितलं नाही. पाणी गेलं होतं म्हणावं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग तू काय करत होतास? कोपऱ्यातली तंबाखू, लावून दिलेली नोकरी, घरातला पाळणा, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं असेल. जात असेलच. त्याची बाजू मी मांडली. याहून जास्त मांडवत नाही.

"व्हतं, साहेब," जीवन म्हणाला. "निम्म्याच्या वर व्हतं."

अंगदला ओरडता आलं असतं, भावाची गचांडी धरता आली असती. पण ओरडायचं कोणासाठी? ज्याचा जीव वाचला त्यानंच सांगितलं होतं की जीव धोक्यात नव्हताच. अण्णांनी दगा दिला तेव्हा अंगदला वाटलं होतं, यापेक्षा खाली माणूस जाऊ शकत नाही. जाऊ शकतो, आणि तिथं आपलंच माणूस नेऊन ठेवतं.

जाळ पुन्हा पेटवायच्या आधी शिवशंकरनं चावी मागून घेतली आणि अंगदच्या देखत ट्रिप परत बांधली. हंगाम संपला की बघू, असं मॅनेजर म्हणाले. अंगदला इन्स्ट्रुमेंट खात्यातून काढून वजनकाट्यावर बसवायचं ठरलं. सावलीतलं काम, बसून. लोक म्हणाले, सरकारी बॉयलर खात्याकडं तक्रार कर. तो विचारही त्यानं करून बघितला होता. तक्रार झाली की साहेब येणार, काचेपुढं कोण होतं म्हणून विचारणार, आणि जीवनला तेच खोटं सरकारपुढं सांगावं लागणार, नाहीतर ते उघडं पडणार. दोन्हीकडून जीवनच जाणार. तेवढं त्याच्याच्यानं झालं नाही. हे बरोबर केलं असं कोणी म्हणणार नाही. मोहिनीनंही म्हटलं नाही.

त्यानं मॅनेजरकडं जाऊन एकच मागणी केली. वजनकाटा नको, बॉयलरच्या मजल्यावर घ्या. फायरमन म्हणून. मॅनेजरना वाटलं याचं डोकं फिरलं. आयटीआय झालेला माणूस, पॅनलवर काम केलेला, आणि जाळापुढं उभा राहायचं म्हणतो! पण कारखान्याला फायरमन स्वस्तात मिळत असेल तर तो नाही कशाला म्हणेल?

जीवनची पाळी असते तीच पाळी अंगदनं मागून घेतली आहे. तो ड्रमच्या काचेपुढं उभा राहतो आणि पाण्याकडं बघतो. सेफ्टी पॅनलमधले दोन्ही प्रोसेसर वर हिरवे दिवे लावून पाणी आहे, पाणी आहे असं म्हणत असतात. तो स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. पॅनलला नमस्कार करून हसणारा, चहा पाजणारा अंगद आता कोणाशी बोलत नाही. शिवशंकर जिन्यावर भेटला तर त्याला वाट देतो, मान खाली घालून, जशी परक्या मोठ्या माणसाला देतात. जीवनशी तर त्या दिवसापासून शब्द नाही. एका घरात राहतात, एका रस्त्यानं कामावर येतात, पुढंमागं.

परवा दुपारी जेवायची सुट्टी झाली. बाकीचे हात धुवायला गेले. जीवन बराच वेळ मागं घुटमळला, मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "दादा, जा की जेवून ये. म्या बघतो पाणी."

अंगदनं डबा तिथंच उभ्यानं उघडला आणि काचेकडं बघत भाकरी मोडली. जीवनकडं त्यानं वळून बघितलं नाही. बघायचं तर काचेवरची नजर काढावी लागली असती, आणि ती नजर जीवनसाठीच होती.